नॉर्थफिल्डचा रिकामा वॉर्ड

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या गावातले चार म्हातारे गाव सोडून जात. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन; म्हणजे १९७८-७९ च्या सुमाराची ही गोष्ट. आमच्या गल्लीतले हवालदारआबा ऊन उतरले की घोंगडे, कंदील आणि पाण्याची कळशी घेऊन मळ्यातल्या खोपीकडे निघत. वेशीपाशी त्यांना आणखी दोघे भेटत आणि ओढ्यापलीकडच्या कानडी वस्तीतून एक जुने मिलिटरी ड्रायव्हर येऊन मिळत. चौघेही दुसऱ्या महायुद्धात होते. आबा मराठा पलटणीबरोबर इटलीत, तर ड्रायव्हरकाका ब्रह्मदेशच्या आघाडीवर. गावातले फटाके थांबेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पहाटेपर्यंत, त्यांचा मुक्काम खोपीतच असे.

तिन्हीसांजेला आई फराळाचा डबा माझ्या हाती देई आणि बजावी, "आबांना देऊन ये. आणि खिशात टिकल्या असतील तर इथंच काढून ठेव."

खोपीत लढाईच्या गोष्टी ऐकायला मिळतील या आशेने मी रेंगाळत असे. पण त्या कधी मिळाल्या नाहीत. ते बोलत ते खेचरांबद्दल, चिखलाबद्दल, कुठल्याशा इटालियन म्हातारीने दिलेल्या द्राक्षांबद्दल, अडकून पडलेल्या पेन्शनच्या कागदाबद्दल. भाषा अर्धी मराठी, अर्धी कानडी आणि मध्येच पलटणीतली हिंदुस्थानी. एकदा गावाकडून मोठा बार ऐकू आला आणि आबांचा हात थरथरू लागला. ड्रायव्हरकाकांनी आपले बोलणे न थांबवता त्यांच्या हातातला चहाचा पेला काढून खाली ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा त्यांच्या हातात दिला. कोणी कोणाकडे पाहिले नाही.

गावाने याला आपल्या परीने नावे ठेवली होती. कोणी म्हणे, म्हाताऱ्यांना प्यायला निमित्त हवे. कोणी म्हणे, जर्मनाला भ्याले नाहीत आणि लवंगी माळेला भितात. आबा १९९१ साली गेले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, महायुद्धांची कारणे आणि परिणाम फळ्यावर असंख्य वेळा लिहून झाल्यावर, इंग्लंडातील एका लष्करी इस्पितळाचा वृत्तांत माझ्या वाचनात आला आणि मला ती खोप आठवली. तो वृत्तांत आपल्या भागातल्या वाचकांना सांगावा, म्हणून हा लेखप्रपंच. ज्या घरात कोणी ना कोणी पलटणीत, पोलिसात किंवा इस्पितळात नोकरीला नाही, असे घर सीमाभागात शोधावेच लागेल.

शरीराने धडधाकट असलेला माणूस युद्धात आतून मोडतो, हे सेनापतींना पूर्वीपासून ठाऊक होते. त्याला नाव मिळाले ते पहिल्या महायुद्धात. १९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात 'शेल शॉक' हा शब्द छापला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला काही सूक्ष्म इजा होत असावी, अशी आरंभीची कल्पना होती. लवकरच असे दिसून आले की, ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नाही अशांचीही वाचा बसते, पाय लुळे पडतात, झोप उडते. मग हा आजार की ढोंग, असा वाद सुरू झाला आणि वादाचा निकाल पुष्कळदा हुद्द्यावरून लागला. अधिकाऱ्यांसाठी एडिंबरोला क्रेगलॉकहार्ट येथे इस्पितळ निघाले. तेथे विल्यम रिव्हर्स हे डॉक्टर एकेका रुग्णाशी निवांत बोलत. आठवणी दडपून टाकण्याऐवजी त्यांच्याकडे पाहायला शिकवीत. कवी सिगफ्रिड ससून १९१७ मध्ये त्यांचाच रुग्ण होता. (हेच रिव्हर्स १९०१-०२ मध्ये निलगिरीत राहिले होते आणि तोडा जमातीवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे.) साध्या शिपायाला असा श्रोता क्वचितच लाभला. मुक्या झालेल्यांना बोलते करण्यासाठी घशाला विजेचे झटके दिल्याच्या नोंदी आहेत. पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली ज्यांना आपल्याच सैन्याने गोळ्या घातल्या, अशा ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने २००६ साली मरणोत्तर माफी दिली. तोपर्यंत त्यांच्या बायकाच काय, मुलेही बहुतेक उरली नव्हती.

आणि आपल्याकडे? कुत-अल-अमारा येथे १९१६ च्या एप्रिलात जे सैन्य तुर्कांना शरण गेले त्यात मराठा पलटणी होत्या. त्या कैदेतून परतलेल्यांच्या मनाची नोंद कोणत्याही गॅझेटिअरमध्ये मला आढळली नाही.

दुसरे महायुद्ध आले तेव्हा प्रश्न तोच, पण संख्या मोठी आणि मनाचे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रिव्हर्सप्रमाणे एकेकाजवळ तासतास बसणे शक्यच नव्हते. समूहोपचाराचा जन्म काही अंशी या टंचाईतून झाला हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र टंचाईतून निघालेल्या सगळ्याच गोष्टी कामचलाऊ नसतात.

या कथेचे पहिले नायक विल्फ्रेड बिऑन हे मथुरेत जन्मलेले. साल १८९७, वडील पाटबंधाऱ्यांचे इंजिनिअर. आठव्या वर्षी मुलाला शिक्षणासाठी विलायतेला धाडले, आणि त्यांना हिंदुस्थान पुन्हा दिसला नाही. १९८० च्या जानेवारीत मुंबईस येण्याचे ठरले होते. पण १९७९ च्या नोव्हेंबरातच ऑक्सफर्डला त्यांचे निधन झाले. पहिल्या महायुद्धात ते रणगाडा दलात होते आणि कांब्रेच्या लढाईतील पराक्रमाबद्दल विसाव्या वर्षी त्यांना मोठे पदक मिळाले. पुढच्या वर्षी, ८ ऑगस्ट १९१८ रोजी, अमिएँच्या लढाईत ते एका तरुण निरोप्याबरोबर तोफगोळ्याच्या खड्ड्यात आडोशाला होते. निरोप्याची छाती फुटली होती आणि "माझ्या आईला पत्र लिहाल ना," एवढेच तो पुन्हा पुन्हा विचारीत होता. बिऑन यांनी हा प्रसंग आयुष्यात अनेकदा लिहून काढला, म्हातारपणीसुद्धा. त्या दिवशी त्या रस्त्यावर आपणच मेलो, असे ते स्वतःबद्दल म्हणत. ज्याने पुढे जखमी मनांसाठी नवी वाट काढली, त्याची स्वतःची जखम कधीच पुरती भरली नव्हती.

युद्धानंतर त्यांनी ऑक्सफर्डला इतिहास घेऊन पदवी मिळवली आणि ज्या शाळेत शिकले तिथेच काही काळ मास्तरकी केली. इतिहासाचा मास्तर! हे मी जरा अभिमानानेच नोंदवतो. त्यानंतर वैद्यकशास्त्र शिकून ते लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मनोविकारांचे डॉक्टर झाले.

बर्मिंगहॅमजवळ नॉर्थफिल्ड नावाच्या भागात हॉलीमूर हे मनोरुग्णालय होते. १९४२ मध्ये ते लष्कराने घेतले. त्याचे दोन विभाग होते, एक आजाऱ्यांचा आणि दुसरा बरे होत आलेल्यांना पुन्हा कवायतीला लावण्याचा. या दुसऱ्या विभागाची सूत्रे बिऑन यांच्याकडे आली आणि सोबतीला होते जॉन रिकमन. रिकमन हे क्वेकर पंथाचे. पहिल्या युद्धात बंदूक हाती घ्यायला नकार देऊन ते रशियात मदतकार्याला गेले होते. एक पदकविजेता रणगाडेवाला आणि एक युद्धविरोधक अशी ही जोडी.

खुर्चीवर बसल्या बसल्या बिऑन यांच्या टेबलाशी तक्रारींची रीघ लागली. याला रजा हवी, त्याला कामातून सूट हवी, तिसऱ्याची शेजाऱ्याविरुद्ध कागाळी. मुख्याध्यापकाची खुर्ची ज्याने एक आठवडा तरी सांभाळली आहे त्याला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. बिऑन यांनी मनाशी प्रश्न केला की, ही जर माझी तुकडी असेल तर हिचा शत्रू कोण? उत्तर मिळाले, खुद्द हा आजार. जर्मनाविरुद्ध तुकडी जशी एकजुटीने उभी राहते तशी ती आजाराविरुद्ध उभी राहिली पाहिजे. तोवर आजार ही प्रत्येकाची खाजगी लाजिरवाणी गोष्ट होती. ती सर्वांची सामाईक अडचण म्हणून उघड्यावर मांडायची, हा या प्रयोगाचा गाभा.

नियम अगदी थोडे होते. प्रत्येकाने रोज तासभर कवायत करावी. प्रत्येकाने कोणत्या ना कोणत्या गटात असावे. सुतारकाम, नकाशावाचन, हस्तकला, जे आवडेल ते. आवडीचा गट नसेल तर नवा काढावा. ज्याला गटात जाणे झेपत नसेल त्याने विश्रांतीच्या खोलीत शांत बसावे, पण तसे सांगून. आणि रोज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सर्वांनी अर्धा तास एकत्र जमावे. वरवर ही हजेरी सूचनांसाठी होती. खरे म्हणजे दिवसातून एकदा सर्वांनी आपल्या कामधामातून बाहेर पडून आपल्याकडेच त्रयस्थपणे पाहावे, यासाठी ती होती.

काही दिवसांतच त्या हजेरीत तक्रार आली की, शंभरातले ऐंशी लोक कामचुकार आहेत आणि वीस जणांना राबावे लागते. साहेबांनी काहीतरी करावे. साहेबांनी काही करायचे नाकारले. शिक्षा नाही, उपदेश नाही. त्यांनी एवढेच सुचवले की हा प्रश्न तुमचाच आहे, तर तो अभ्यासाला घ्या. माणसे अशी का वागतात ते पाहा. पंचवीस-तीस वर्षे मुलांसमोर उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, इतका संयम मला एकदाही जमलेला नाही. वॉर्ड घाणेरडे आहेत अशी ओरड झाली तेव्हाही तेच. अखेर वैतागून काही जणांनी आपणच सफाईचा गट काढला. दुसऱ्या काहींनी साहेबांची परीक्षा पाहायची म्हणून नाच शिकण्याचा वर्ग मागितला. बिऑन यांनी तोही त्यांनाच आखायला सांगितला आणि वर्ग खरोखर चालू झाला. ज्यांचे हात बंदूक धरताना कापत होते ते केरसुणी, रंधा, नाचाचा ठेका अशा मार्गाने पुन्हा माणसांत येऊ लागले. महिन्याभरात विभागाची हवा पालटल्याचे दोघा डॉक्टरांनी नोंदवले आहे.

आणि सहा आठवड्यांत प्रयोग बंद पडला! दोघांचीही तडकाफडकी बदली झाली. कारणाबद्दल एकमत नाही. एक हकीकत अशी की, इस्पितळाच्या सिनेमाच्या दालनात रुग्णांनी माजवलेली घाण वरिष्ठांच्या दृष्टीस पडली आणि ही कसली शिस्त, असा प्रश्न उभा राहिला. माणसे स्वतः शिस्त शिकेपर्यंत थोडी घाण सहन करावी लागते, हे लष्करी कचेरीला पटणे कठीणच. दोघांनी आपला वृत्तांत १९४३ च्या नोव्हेंबरात 'लॅन्सेट'मध्ये छापला. जेमतेम काही पानांचा तो लेख आजही वाचला जातो.

येथे थोडे विषयांतर करतो. नॉर्थफिल्डच्या आधी बिऑन यांनी सैन्यात अधिकारी निवडण्याची एक रीत बसवण्यात भाग घेतला होता. आठ-दहा उमेदवार एकत्र सोडायचे, त्यांना काम किंवा चर्चेचा विषय द्यायचा, पुढारी मात्र नेमायचा नाही. आणि कोण दुसऱ्यांना सांभाळून घेतो ते मुकाट्याने पाहायचे. १९४३ मध्ये डेहराडूनला याच धर्तीचे निवड मंडळ सुरू झाले. आजही आपली मुले एस.एस.बी.साठी बेंगळूरला जातात आणि परत येऊन "सर, गटचर्चा होती, दोरखंडाचा टास्क होता" असे सांगतात, त्यामागे ही परंपरा आहे. निवडताना सरकार गटाची इतकी पारख करते. नोकरीत माणूस मोडला की मात्र त्याला एकटा बाजूला काढतो आपण.

नॉर्थफिल्डची गोष्ट तेथेच संपली असती. पण १९४३ मध्ये तेथे एस. एच. फूक्स हे डॉक्टर आले. ते जन्माने जर्मन ज्यू. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात होते, टेलिफोनच्या तारा सांभाळण्याच्या कामावर. म्हणजे बिऑन यांच्या समोरच्या बाजूला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर ते इंग्लंडला निघून आले. फ्रँकफर्टला त्यांनी कुर्ट गोल्डस्टाइन या मेंदुतज्ज्ञांकडे काम केले होते. मेंदूतला एकच तंतू सुटा काढून त्याचा अर्थ लागत नाही, तो सगळ्या जाळ्यात पाहावा लागतो, हे गोल्डस्टाइन यांचे म्हणणे. फूक्स यांनी ते माणसाला लावले.

त्यांची पद्धत दिसायला अगदी साधी होती. सात-आठ जण खुर्च्या गोल मांडून बसत. डॉक्टरही त्याच गोलात, त्याच उंचीच्या खुर्चीवर. विषय ठरलेला नाही. कोणी काही बोलले की डॉक्टर लगेच उत्तर देत नसत. शेजारचा काय म्हणतो याची वाट पाहत. होता होता कोणी तरी म्हणे, "मलाही तसेच होते." या साध्या वाक्यात किती बळ आहे, हे ते वाक्य ऐकणाऱ्यालाच कळते. डॉक्टरने हजारदा सांगितले की तू वेडा नाहीस, तरी मनात शंका उरते. पण त्याच खंदकातून आलेला माणूस तेच सांगतो तेव्हा त्यावर विश्वास बसतो. शिवाय सांगणाऱ्याचेही काम होते. काल जो फक्त रुग्ण होता तो आज दुसऱ्याच्या उपयोगी पडलेला असतो. मदत घेऊन घेऊन मिंधा झालेल्या माणसाला मदत करायची संधी देणे, हे या उपचारातले खरे औषध, असे माझे वाचनाअंती मत झाले आहे.

फूक्स यांच्या जोडीला १९४४ मध्ये मेजर हॅरॉल्ड ब्रिजर आले. हे डॉक्टर नव्हतेच. तोफखान्यातले अधिकारी आणि युद्धापूर्वी गणिताचे शिक्षक. (दुसरा मास्तर!) त्यांनी इस्पितळाच्या मध्यभागी एक वॉर्ड मोकळा करवला आणि दारावर 'क्लब' अशी पाटी लावली. आत काहीही ठेवले नाही. टेबल नाही, खुर्ची नाही, पत्त्यांचा जोड नाही. रुग्ण येत, आत डोकावत, चक्रावून परत जात. कोणी येऊन क्लबचे उद्घाटन करील, सामान येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. काही येईना. मग कुरबुर सुरू झाली. युद्धाच्या दिवसांत, जागेची एवढी टंचाई असताना, सरकारी पैशाची ही उधळपट्टी? लोकांनी जाब विचारायला सभा बोलावली आणि ब्रिजर यांना तेथे पाचारण केले. ते याचीच वाट पाहत होते. इतके दिवस ज्या माणसांना कशाचेच काही वाटत नव्हते, ती आज एका रिकाम्या खोलीसाठी भांडायला एकत्र आली होती. त्या सभेतून तो वॉर्ड रुग्णांनी ताब्यात घेतला, सामान मिळवले आणि स्वतः चालवला. पुढे वर्तमानपत्र, वादकांचा गट, चित्रे काढण्याची झोपडी असे एकेक निघत गेले.

तेथेच काम केलेल्या टॉम मेन यांनी १९४६ मध्ये या साऱ्याला 'उपचार करणारा समाज' अशा अर्थाचे नाव दिले. इस्पितळात उपचार होत नाहीत, इस्पितळ हाच उपचार असतो, ही त्यांची मांडणी.

गौरव करताना एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. हे सारे लष्कराच्या पैशाने आणि लष्कराच्या गरजेसाठी चालले होते. माणूस बरा करायचा तो पुन्हा बंदूक धरण्यासाठी. तो माणूस डॉक्टरचा रुग्ण की सेनेचा शिपाई, हा पेच नॉर्थफिल्डला सुटला नाही. आज एखादी कंपनी किंवा खाते आपल्या नोकरांसाठी असे वर्ग भरवते तेव्हाही तो सुटलेला नसतो.

ज्या महिन्यांत बर्मिंगहॅमला खुर्च्या गोल मांडल्या जात होत्या, त्याच महिन्यांत मराठा पलटणी इटलीत लढत होत्या. १९४४ च्या १० जुलैला टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले. १९४५ च्या ९ एप्रिलला सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधवांनी गोळीबारातून जखमी सोबत्यांना परत आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. बेळगावकरांना ही नावे मी सांगायला नकोत. आबा सेनिओच्या त्या काठावर होते. एवढे एकच वाक्य ते सांगत, पुढचे नाही.

यानंतरचा इतिहास भरभर सांगतो. युद्धानंतर लंडनला मायकेल बॅलिंट यांनी गावोगावच्या साध्या डॉक्टरांचे गट भरवले. रुग्णामुळे डॉक्टरला काय होते, हा तेथला विषय. १९७० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला व्हिएतनामहून परतलेले सैनिक आपल्या संघटनेच्या कचेरीत गोल बसू लागले. सरकारी इस्पितळावर त्यांचा भरवसा नव्हता. रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शातान या मनोविकारतज्ज्ञांना त्यांनी बोलावले, पण अट घातली की येथे तुम्ही वरचढ नाही, आमच्याबरोबरीने बसायचे. त्या बैठकांतून जे शब्द बाहेर आले, त्यांचा १९८० मध्ये अमेरिकेच्या अधिकृत रोगसूचीत आघातोत्तर ताणविकृतीचा समावेश होण्यात मोठा वाटा आहे. म्हणजे रोगाला नाव देण्यात रोग्यांचाही हात होता.

मग विषय सैन्याबाहेर आला. अग्निशामक, पोलीस, रुग्णवाहिकेवरचे लोक रोज जे पाहतात ते एखाद्या छोट्या लढाईपेक्षा कमी नसते. जेफ्री मिचेल या अमेरिकन गृहस्थांनी, जे स्वतः अग्निशामक दलात होते, १९८३ मध्ये त्यांच्यासाठी एक पद्धत मांडली. अपघातानंतर दोन-तीन दिवसांच्या आत सर्वांना एकत्र बसवायचे आणि दोन-तीन तासांत ठरावीक सात पायऱ्यांनी बोलते करायचे. काय घडले, मनात काय आले, सर्वांत वाईट काय वाटले, इत्यादी. ही पद्धत जगभर झपाट्याने पसरली. सोयीची होती ना! एक बैठक घेतली, सह्या झाल्या, खाते मोकळे.

पण तपासणी झाली तेव्हा वेगळेच दिसले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेल्समधील एका अभ्यासात भाजलेल्या रुग्णांपैकी काहींना अशी एक बैठक दिली, काहींना नाही. तेरा महिन्यांनी बैठक मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांना ताणविकृती होती, न मिळालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. पहिल्या गटातले लोक मुळात थोडे जास्त भाजले होते हे खरे. पण इतर चाचण्या एकत्र पाहूनही फायदा दिसला नाही, आणि २००५ मध्ये ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या मार्गदर्शिकेने अशी एकवेळची बैठक सरसकट देऊ नये असे सांगितले. मिचेल यांचे समर्थक म्हणतात की त्या चाचण्या बहुतेक एकेकट्या रुग्णांवरच्या होत्या, एकत्र काम करणाऱ्या पथकांवरच्या नव्हत्या. म्हणणे रास्त आहे. मला त्यातून इतिहासाचा एक धागा दिसतो. नॉर्थफिल्डला माणसांना कोणी घाई केली नव्हती. तिथे बोलण्याआधी केर काढणे होते, भांडण होते, रोजची हजेरी होती आणि आठवडेच्या आठवडे होते. त्यातून बोलणे तेवढे उचलले, दोन तासांत बसवले आणि कवायतीसारखे करून घेतले, तर ताज्या जखमेची खपली तेवढी निघते.

हे लिहायला एक तात्कालिक कारणही आहे. २०१९ च्या ऑगस्टात आपल्या जिल्ह्यात महापूर आला तेव्हा आमच्या शाळेचे पुष्कळ माजी विद्यार्थी कामावर होते. कोणी पोलिसात, कोणी अग्निशामक दलात, एक जण १०८ रुग्णवाहिकेवर, दोघी सरकारी दवाखान्यात परिचारिका. पूर ओसरल्यावर त्यांच्यासाठी एका संस्थेने तणावमुक्तीचे व्याख्यान ठेवले. मीही गेलो होतो. वक्ते चांगले बोलले. श्वास कसा घ्यावा ते दाखवले, प्रमाणपत्रे वाटली, फोटो झाला. निघताना अग्निशामक दलातला आमचा विद्यार्थी माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सर, मला अजून बोटीचं वल्हं हातात असल्यासारखं वाटतंय. हे कुणाला सांगायचं?" मी त्याला डॉक्टरांकडे जा म्हटले. तो गेलाही, आणि गोळ्यांनी झोप लागू लागली. गोळ्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. ज्याला गरज आहे त्याने घ्याव्यातच. २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फोनसेवाही आहे, १४४१६ या क्रमांकावर. पण "कुणाला सांगायचं" हा त्याचा प्रश्न मला डॉक्टरबद्दलचा वाटला नव्हता.

शाळेच्या मागच्या बाजूला जुन्या प्रयोगशाळेची एक खोली पडून आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात मी ती झाडून घेतली आणि त्या मुलांना निरोप धाडला की रविवारी संध्याकाळी ही तुमची. ब्रिजर मास्तरांची नक्कल होती हे कबूल करतो. पहिल्या रविवारी दोघे आले, रिकामी खोली पाहून माझ्या घरी चहा घेऊन गेले. दुसऱ्या रविवारी कोणीच नाही. तिसऱ्या आठवड्यात रुग्णवाहिकेवरच्या मुलाने फोन करून जरा रागानेच विचारले, "सर, बसायला सतरंजी तरी नको का?" मी म्हटले, तुम्हीच बघा. मला वाटते त्याला माझा चिक्कूपणा वाटला असेल.

पुढे सतरंजी आली, मग कॅरम आला, कुणाच्या घरचे जुने टेबल आले. कानडी शाळेतले दोन पोलीसही येऊ लागले. परिचारिकांना रविवार जमत नाही म्हणून आता बैठक गुरुवारी रात्री असते. आत काय बोलतात ते मी विचारत नाही आणि जातही नाही. मुख्याध्यापक आत शिरला की सगळे उठून उभे राहतात. किल्ली आमच्या शिपायाकडे असते. यंदा वसुबारसेच्या दिवशी तो विचारीत होता की लक्ष्मीपूजनाच्या रात्री खोली उघडी ठेवू का, त्या पोरांनी मागितली आहे. मी हो म्हटले, आणि घरी जाऊन फराळाचा एक डबा जास्त भरायला सांगितला.